गाडीत ऑइल कुठलं घालू? वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत ऑइलचाच विषय जास्त आहे, म्हणून टायर आणि बॅटरीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनची कामं करतो. बोअरिंग, हेड, क्रँक, सगळं. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच इंजिनांचं दुखणं ऑइलपाशीच सुरू झालेलं असतं. त्यामुळे इथं लिहितो ते उघडलेल्या इंजिनांच्या आत जे दिसतं त्यावरून.

प्रश्न : मिस्त्रीसाहेब, माझ्याकडे २०११ची पेट्रोल हॅचबॅक आहे. ८४ हजार किलोमीटर झालेत. वर्षाला जेमतेम पाच-सहा हजार फिरते, त्यात निम्मा रस्ता मळ्याचा, कच्चा. सर्व्हिस सेंटरवाले फुल सिंथेटिक घाला म्हणतात, तीन लिटरचे २१०० रुपये सांगतात. गावातला मिस्त्री म्हणतो, जुन्या गाडीला सिंथेटिक घातलं की ऑइल गळायला लागतं, साधं मिनरल घाला, ११०० रुपयांत भागेल. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, जत (जि. सांगली)

उत्तर : दोघांच्याही आधी गाडीच्या पुस्तकाचं ऐका. डॅशबोर्डच्या खणात ते पडलेलं असेल. त्यात ऑइलच्या पानावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ किंवा घट्ट ते, ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० असं काहीतरी. दुसरी दर्जाची अक्षरं, पेट्रोल गाडीसाठी एपीआय (ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकेतली संस्था) एसएल, एसएम, एसएन, एसपी अशी. एस नंतरचं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा. पुस्तकात एसएल लिहिलं असेल तर एसएन किंवा एसपी खुशाल चालतं. उलटं चालत नाही. डब्यावर या दोन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. सिंथेटिक की मिनरल हा प्रश्न त्यानंतरचा.

आता फरक काय ते बघू. मिनरल ऑइल म्हणजे कच्च्या तेलातून गाळून, शुद्ध करून काढलेलं तेल. त्यात लहानमोठे सगळ्या आकारांचे रेणू येतात, थोडं मेण येतं, थोडं गंधक येतं. थंड इंजिनात हे तेल थिजतं आणि तापलं की फार पातळ होतं. थंडीतली काकवी आणि चुलाणावरची काकवी यांत जसा फरक, तसा. सिंथेटिकमध्ये रेणू बरेचसे सारखे असतात, त्यामुळे गार असताना ते लवकर वाहतं आणि तापल्यावरही अंगात दम ठेवतं. उष्णतेनं त्याची वाफ कमी होते, म्हणून ऑइल कमी होण्याचं प्रमाणही घटतं. हे गुण खरे आहेत, नुसती जाहिरात नाही.

पण डब्यावर ‘फुल सिंथेटिक’ लिहिलंय म्हणजे आत एकच काहीतरी ठरलेलं द्रव्य आहे असं समजू नका. बेस ऑइलचे, म्हणजे औषधं मिसळण्याआधीच्या मूळ तेलाचे, पाच गट मानतात. पहिल्या दोन गटांना मिनरल म्हणतात. चौथा पीएओ, म्हणजे कारखान्यात रेणू जोडून बनवलेलं तेल, आणि पाचव्यात एस्टर वगैरे येतात. तिसरा गट मात्र कच्च्या तेलापासूनच, पण हायड्रोजनच्या दाबाखाली फार कसून शुद्ध केलेला. याला सिंथेटिक म्हणायचं की नाही यावर अमेरिकेत दोन मोठ्या ऑइल कंपन्यांचा वाद झाला. १९९९ साली तिथल्या जाहिरात तपासणाऱ्या मंडळानं ‘म्हणायला हरकत नाही’ असा निर्णय दिला. आज दुकानात दिसणारं बरंचसं सिंथेटिक या तिसऱ्या गटाचं असतं. चांगलं असतं, त्यात फसवणूक नाही. आणि ‘सेमी सिंथेटिक’मध्ये सिंथेटिक किती टक्के हवं हे एपीआय ठरवून देत नाही, ते कंपनीवर असतं. म्हणून मी डब्याची दर्शनी बाजू वाचत नाही, मागची वाचतो.

आता तुमच्या गाडीचं. तुमचं फिरणं वर्षाला पाच-सहा हजार. म्हणजे किलोमीटर पुरे होण्याआधी वर्ष पुरं होतं आणि वर्ष झालं की ऑइल बदलायचंच, मग ते कुठलंही असो. सिंथेटिकचा मोठा फायदा हा की ते उष्णतेत जास्त दिवस टिकतं. तुमच्या गाडीत त्या टिकण्याचा पुरा उपयोग व्हायच्या आधीच ते बाहेर निघणार. दुसरं, ऑइल फक्त स्वतः म्हातारं होऊन खराब होत नाही, ते घाणीनं भरतं. धूळ, जळलेल्या इंधनाची काजळी, गाडी जरा चालवून लगेच बंद केली की आत धरणारं पाणी, रिंगांच्या बाजूनं उतरणारं पेट्रोल, हे सगळं त्यातच मिसळतं. ही घाण धरून ठेवायला ऑइलमध्ये औषधं घातलेली असतात आणि ती खर्च होत जातात. बेस ऑइल कितीही महाग असलं तरी औषध संपलं की संपलं. म्हणून ‘सिंथेटिक घातलंय, आता दोन वर्षं बघायला नको’ असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका.

हे मी इतकं ठासून का लिहितोय ते एका इंजिनावरून सांगतो. परवा आमच्याकडे एक गाडी आली, थांबली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा, वेग घेतला की विझायचा. मालकांनी महागातलं फुल सिंथेटिक घातलं होतं, बिल दाखवलं. पण बदली कधी केली ते त्यांनाच आठवेना. टॅपेट कव्हर काढलं तर आत काळ्या डांबरासारखा गाळ, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडावा लागला. चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, खाली उतरवला. ऑइल पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो ती जाळी निम्मी बुजलेली. क्रँकची बेअरिंगं काढून हातात घेतली तर वरचा राखाडी थर गेलेला आणि खालचं तांबं उघडं पडलेलं. त्याच आठवड्यात दुसरं एक जुनं इंजिन हेड गॅस्केटसाठी उघडलं. आयुष्यभर मिनरल, पण दर वर्षी फिल्टरसकट बदललेलं. आत धातूवर फिकट तपकिरी झाक, बाकी स्वच्छ. कॅमच्या टोकांवर बोट फिरवलं तर खाच लागत नव्हती. ऑइलची जात बघायची ती त्यानंतर. आधी बदली वेळेवर झाली का ते बघायचं.

गळतीची भीती मात्र जुनी झाली. पूर्वीच्या काही सिंथेटिक तेलांमुळे त्या काळचे रबरी सील आखडायचे, फुगायचे, तिथून ही गोष्ट पसरली. आजचं ऑइल सीलला त्रास देत नाही. होतं असं की सील आधीच कडक होऊन तडकलेलं असतं आणि गाळानं ते भोक बुजवलेलं असतं. नवं ऑइल गाळ धुऊन काढतं आणि गळती दिसायला लागते. सील तसंही बदलायला आलेलंच होतं. तुमच्या मिस्त्रीनं तसं घडताना पाहिलं असेल, त्याचं निरीक्षण खोटं नाही, कारण वेगळं आहे.

तर माझा सल्ला : पुस्तकात १०डब्ल्यू-४० सारखी ग्रेड चालते असं लिहिलं असेल तर त्या ग्रेडचं चांगल्या कंपनीचं मिनरल किंवा सेमी सिंथेटिक घ्या आणि वर्षाला न चुकता बदला. फक्त ५डब्ल्यू-३० किंवा त्याहून पातळ लिहिलं असेल तर मिनरलचा विषय संपला, कारण त्या ग्रेडचं निव्वळ मिनरल बाजारात जवळपास नसतंच. पहिल्या प्रकारात जे हजारभर रुपये वाचतील ते एअर फिल्टरवर घाला. जतच्या मळ्याच्या रस्त्याला जी बारीक धूळ उडते ती सिलिंडरला कानसेसारखी घासते आणि ती अडवणं ऑइलच्या हातात नाही, एअर फिल्टरच्या हातात आहे. फिल्टरच्या डब्याची क्लिप नीट बसलीय का हेही बघा. ती ढिली असली तर नवा फिल्टरही व्यर्थ. पुस्तकात ‘धुळीच्या, खडतर वापरासाठी’ म्हणून वेगळं वेळापत्रक असतं. तुमची गाडी त्यात बसते.

आणि हो, ऑइल सोडताना फिल्टर बदलाच. जुन्या फिल्टरमध्ये राहिलेलं काळं ऑइल नव्यात मिसळतं. चेंबरच्या नटाचा वॉशरही नवा घाला, काही रुपयांचा असतो.

प्रश्न : सर, माझी २०२१ची टर्बो पेट्रोल गाडी आहे. वॉरंटी नुकतीच संपली. ऑफिस घरापासून चार किलोमीटर, गाडी तेवढीच चालते. सर्व्हिसचं बिल बघून वाटतं, बाहेरून साधं ऑइल घालून घ्यावं. इतकं कमी चालवते तर काय बिघडणार आहे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुमच्या गाडीत साधं ऑइल घालू नका. जतच्या वाचकांना मी जे सांगितलं ते तुम्हाला लागू नाही.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याचं एक टोक धुराड्याच्या आगीत असतं. त्याला आधार असतो फक्त ऑइलच्या पातळ थराचा. गाडी जोरात चालवून लगेच बंद केली की तिथं अडकलेलं ऑइल शिजतं आणि कोळशासारखा थर धरतं. साधं ऑइल तो लवकर धरतं. एक्स्प्रेस वेवर घाट चढून आल्यावर थांबलात तर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवा, मग बंद करा.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या लहान टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर, जास्त गिअरमध्ये जोर लावला की कधी कधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. ऑइल आणि पेट्रोलचा थेंब त्याला कारण होतो असं संशोधनात दिसलं. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या औषधानं ते वाढतं हेही दिसलं. असा एखादा दणका पिस्टनची रिंग बसते ती कड मोडू शकतो. यासाठीच २०१८ साली एपीआयनं एसएन प्लस आणि २०२० साली एसपी हा दर्जा आणला, त्यात या दोषाची चाचणी असते. तुमच्या गाडीला पुस्तकात सांगितलेली ग्रेड आणि एसपी एवढं डब्यावर बघून घ्या. बाहेरच्या ओळखीच्या गॅरेजात तेच ऑइल घालून घेतलं तरी चालेल. बचत मजुरीत होऊ द्या, ऑइलमध्ये नको.

आणि चार किलोमीटर म्हणजे कमी वापर असं वाटतं, पण इंजिनच्या दृष्टीनं तो खडतर वापर आहे. एवढ्या अंतरात ऑइल पुरतं तापतच नाही. आत धरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जायला ते बराच वेळ तापलेलं राहावं लागतं. पावसाळ्यात ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, आतल्या बाजूला दुधाळ पिवळा साका दिसला तर तो हाच. कूलंट कमी होत नसेल तर घाबरायचं कारण नाही, पण आठवड्यातून एकदा गाडी सासवड किंवा लोणावळ्याच्या बाजूला अर्धा-पाऊण तास सलग चालवून आणा. बदली वर्षाला, किलोमीटर कितीही कमी असोत.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात ४६ अंश होतात. पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय, पण इथले जाणकार म्हणतात की ते थंड देशांसाठी आहे, विदर्भात २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइलच पाहिजे.
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : हा सल्ला एके काळी बरोबर होता. ॲम्बेसेडर, पद्मिनी, जुन्या जीपा यांच्या इंजिनांत फटी मोठ्या असायच्या, आणि जाड ऑइल लागायचं. आजची इंजिनं बारीक फटींची आहेत.

इंजिनच्या आतलं तापमान बाहेरच्या हवेवर तितकंसं ठरत नाही. थर्मोस्टॅट पाण्याचं तापमान ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो. चेंबरमधलं ऑइल शंभराच्या पुढेमागे असतं. महाबळेश्वर असो की चंद्रपूर, कूलिंग नीट असेल तर यात मोठा फरक पडत नाही. ग्रेडमधला दुसरा आकडा शंभर अंशांवरच्या घट्टपणासाठी आहे. ३० म्हणजे ९.३ ते १२.५, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं माप). म्हणजे पुस्तकापेक्षा जवळपास पावणेदोन पट घट्ट ऑइल तुम्ही घालणार. गार असताना फरक आणखी वाढतो. ४० अंशांना ५डब्ल्यू-३० साधारण ६० ते ७० असतं, २०डब्ल्यू-५० दीडशेच्या पुढे. आजच्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ मागंपुढं करणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर, बारीक छिद्रांतून चालते. तिथं घट्ट ऑइल उशिरा पोचतं. ॲव्हरेज पडतं ते वेगळंच.

डब्ल्यूच्या आधीच्या, थंडीतल्या वाहण्याच्या आकड्याबद्दल तुमचे जाणकार निम्मे बरोबर आहेत. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांना होते, ती थंडी चंद्रपूरला कधी पडणार नाही. पण जे ऑइल उणे तीसला वाहतं ते आपल्याकडच्या डिसेंबरच्या पहाटे १० अंशांनाही लवकर वर चढतं, तो फायदा उरतोच. काही पुस्तकांत उष्ण हवेसाठी एक पायरी जाड ग्रेड दिलेली असते. तशी असेल तर बिनधास्त घ्या. पुस्तकात नसलेली घेऊ नका. उन्हाळ्याची काळजी असेल तर रेडिएटरच्या जाळीतला कचरा, पंखा आणि कूलंट बघा. चंद्रपूरच्या मे महिन्यात गाडी गरम होते ती इथंच.

प्रश्न : दादा, माझ्याकडे ट्रॅक्टर आणि एक २०२१ची बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे. ट्रॅक्टरसाठी १५डब्ल्यू-४० चा मोठा कॅन आणतो, सीआय-४ लिहिलंय त्यावर. तेच गाडीत घातलं तर? दोन्ही डिझेलच ना? शिवाय हल्ली गाडीच्या ऑइलची पातळी काडीवर वर चढलेली दिसते. ऑइल कमी होतं हे ऐकलंय, वाढतं कसं?
— एक बागायतदार, देवगड (जि. सिंधुदुर्ग)

उत्तर : दादा, तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं. गाडीत ते ऑइल अजिबात घालू नका आणि पातळी वाढण्याकडे आजच लक्ष द्या.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ. गाळणीत काजळी साठली की गाडी ती ठरावीक वेळानं सुमारे ६०० अंशांना जाळून टाकते. काजळी जळते, राख जळत नाही. ऑइलचा थोडा अंश नेहमीच जळतो आणि त्यातल्या धातूंच्या औषधांची राख गाळणीत कायमची बसते. सीआय-४ सारख्या जुन्या दर्जाच्या, ट्रॅक्टरच्या ऑइलमध्ये अशी औषधं भरपूर असतात, ट्रॅक्टरला ती हवीच असतात. तुमच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, पुस्तकात बहुतेक एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं असेल. सी३ मध्ये राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. कॅनमध्ये वाचलेले पैसे नवी गाळणी बसवण्याच्या खर्चापुढे काहीच नाहीत. हे ऑइल बहुतेक सिंथेटिकच येतं, त्यामुळे इथं निवडीचा प्रश्न फारसा उरत नाही.

आता पातळीचं. गाळणी जाळायची वेळ आली की बऱ्याच गाड्या सिलिंडरमध्ये थोडं डिझेल उशिरा मारतात, धुराडं तापावं म्हणून. तुम्ही बागेपासून बाजारापर्यंत जाऊन गाडी बंद केली की ते जाळणं अर्ध्यात थांबतं. पुढच्या वेळी पुन्हा सुरू, पुन्हा अर्ध्यात. ते उशिरा मारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. ऑइल वाढत नाही, ऑइलमध्ये डिझेल मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. काडीचा वास घेऊन बघा, डिझेलचा दर्प येईल. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर किलोमीटर न बघता ऑइल बदला. पुढे काजळी जाळण्याचा दिवा लागला की गाडी मुंबई-गोवा हायवेला नेऊन वीस-पंचवीस मिनिटं एका चालीनं चालवा, दिवा विझेपर्यंत.

काडी बघायची ती सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून. एकदा पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची, मग वाचायची. कोकणातल्या उतारावर उभ्या केलेल्या गाडीत वाचलेली काडी खोटं बोलते.

प्रश्न : सीएनजी गाडी आहे. दहा हजार किलोमीटर झाले तरी ऑइल मधासारखं स्वच्छ. मग बदलायचं कशाला? मित्राच्या डिझेल गाडीचं तर हजार किलोमीटरमध्येच काळं झालं, त्याला खराब ऑइल दिलं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : रंगावर जाऊ नका, दोन्हीकडे. डिझेलचं ऑइल काजळी पोटात घेतं म्हणून लगेच काळं होतं. ते त्याचं काम करतंय, तुमच्या मित्राची फसवणूक झालेली नाही. सीएनजीत काजळी जवळपास नाहीच आणि द्रव इंधन नसल्यामुळे ऑइलमध्ये काही उतरतही नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. पण जळताना तयार होणारे नायट्रोजनचे वायू आणि उष्णता त्याला आतून खराब करतात. आम्ल वाढतं, ऑइल हळूहळू घट्ट होतं, आणि डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. घोडबंदरच्या कोंडीत गाडी तासभर उभ्याउभ्या चालू राहते, ते किलोमीटरमध्ये मोजलंही जात नाही. पुस्तकातली मुदत पाळा. तुमच्यासाठी मी सिंथेटिककडे झुकेन, कारण उष्णता सोसणं हाच त्याचा खरा गुण आहे आणि तुमचं फिरणंही भरपूर दिसतंय.

प्रश्न : कारमधलं उरलेलं पाऊण लिटर सिंथेटिक बाइकमध्ये घालू का? महागातलं आहे, वाया कशाला घालवायचं.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. बऱ्याच मोटारसायकलींत क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी औषधं असतात, त्यामुळे क्लचच्या प्लेटा घसरायला लागतात. बाइकच्या डब्यावर जासो (जपानी दर्जा) एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं हवं. ऑटोमॅटिक स्कूटरची गोष्ट वेगळी, तिचा क्लच कोरडा असतो, पण तिथंही तिच्या पुस्तकातलीच ग्रेड घाला. उरलेलं ऑइल झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा, कारमध्येच टॉप-अपला कामाला येईल.

प्रश्न : काका, मी आयटीआयला मोटार मेकॅनिक करतोय. दुकानात तेच ऑइल एके ठिकाणी फारच स्वस्त मिळतं. डुप्लिकेट ओळखायचं कसं? आणि घरी आजोबा जुनं सोडलेलं ऑइल दाराच्या चौकटीला वाळवीसाठी लावतात, ते चालतं का?
— एक विद्यार्थी, गडहिंग्लज (जि. कोल्हापूर)

उत्तर : बाळा, फारच स्वस्त हीच पहिली खूण. झाकणाचं सील, त्याच्या आतला पत्रा, छापलेला बॅच नंबर आणि तारीख बघ. डब्यावर स्कॅन करायचा कोड असेल तर तिथंच मोबाइलवर तपास आणि बिल घे. डुप्लिकेटवाल्यांना खरे रिकामे डबेच लागतात, त्यात भलतंच भरून पुन्हा विकतात. म्हणून आमच्या गॅरेजात रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला कटरनं चीर मारायची असा नियम आहे. तू काम शिकतोस तिथंही तशी सवय लाव.

जुन्या ऑइलचं आजोबांना जरा समजावून सांग. पूर्वी सगळेच लावायचे, सेंट्रिंगच्या प्लेटांना तर अजूनही लावतात. पण वापरलेल्या ऑइलमध्ये इंधन जळताना तयार झालेली विषारी द्रव्यं असतात, वारंवार कातडीला लागलं तर त्यानं कर्करोगाचा धोका असतो. चौकटीला पोरंटोरं हात लावतात. वाळवीसाठी दुकानात औषध मिळतं, ते लावा. वापरलेलं ऑइल आपल्याकडच्या २०१६च्या नियमांत घातक कचऱ्यात मोडतं. गटारात किंवा विहिरीजवळच्या जमिनीवर तर ओतायचं नाहीच, ते झाकणाच्या डब्यात साठवून, परवाना असलेल्या नेणाऱ्याला द्यायचं. ते पुन्हा शुद्ध करून त्यापासून बेस ऑइल बनवता येतं. आणि तू स्वतः ऑइल सोडताना हातमोजे घाल. बोटं काळी असली की मिस्त्री पक्का, असं आमच्या वेळी म्हणायचे. तू हातमोजे घालूनच पक्का हो, आणि काम झाल्यावर हात पेट्रोलनं धुऊ नकोस, साबणानं धू.